मदतीच्या फॉर्मात रकाने किती?

हिंजवडीतलं ऑफिस असो की चाकणचा कारखाना, संगणक अडला की ‘तिकीट टाका’ हे उत्तर ठरलेलं. तिकीट टाकायचं म्हणजे सर्व्हिस डेस्कचा फॉर्म भरायचा: कॅटेगरी, सबकॅटेगरी, ॲसेट टॅग, प्रायॉरिटी, आणि बहुतेक रकान्यांपुढे लाल तारा. मदत मागणाऱ्याला हा छळ वाटतो. डेस्कवरच्यांना मात्र यातलं काहीच जास्त वाटत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘सिस्टीम चालत नाही’ एवढ्याच मजकुराचं तिकीट आलं, तर कुठली सिस्टीम, कधीपासून, काय दिसतंय हे विचारण्यातच अर्धा दिवस जातो. तोवर तिकीट ‘पेंडिंग विथ युजर’मध्ये पडतं आणि बहुतेक ठिकाणी एसएलएचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीचं, घड्याळही थांबतं. कागदोपत्री डेस्क वेळेत, माणूस हात चोळत बसलेला.

पण रकाने वाढवून माहिती वाढतेच असं नाही. सक्ती झाली की लोक टिंब टाकतात, ‘एनए’ लिहितात, यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळे होतात. मग त्याच कचऱ्यावर महिनाअखेरचा अहवाल उभा राहतो.

आमच्या मते कसोटी एकच: जे फक्त अडलेल्या माणसालाच ठाऊक आहे, तेवढंच त्याला विचारावं. काय करत होता, पडद्यावर काय आलं (जमल्यास फोटो), कधीपासून, आणि काम पूर्ण थांबलंय की रखडत चाललंय. नाव, विभाग, यंत्राचा क्रमांक लॉगिन आणि ॲसेट रजिस्टरमधून आपोआप यावा. शॉप फ्लोअरवर एकाच संगणकावर तिन्ही पाळ्या सामाईक लॉगिनने काम करत असतील, तर तिथे क्रमांक विचारावाच लागेल. पण मग तो यंत्रावर ठळक चिकटवलेलाही असावा.

प्रायॉरिटीचा घोळ वेगळा. ब्रिटिश सरकारी यंत्रणेत १९८०च्या दशकाअखेर आकाराला आलेल्या आयटीआयएल या आयटी सेवा व्यवस्थापनाच्या चौकटीत प्राधान्य ठरतं ते परिणाम किती मोठा आणि घाई किती, यावरून. सूत्र चांगलं आहे, पण ‘पी-वन ते पी-फोर’ची यादी युजरच्या हाती दिली की सगळीच तिकिटं पी-वन होतात. त्यापेक्षा ‘एकट्याचं अडलंय की सगळ्या लाइनचं?’ असं विचारावं आणि दर्जा डेस्कने ठरवावा. ‘कधीपर्यंत हवं आणि का’ हा रकानाही ठेवावा. त्याचा गैरवापर होईल, पण पगाराच्या आदल्या दिवशी अडलेला पेरोलवाला एकटाच असला तरी त्याची घाई खरी असते.

बिघाड आणि मागणी मात्र एका फॉर्मात कोंबू नयेत. नवं सॉफ्टवेअर किंवा पगाराच्या फोल्डरचा ॲक्सेस मागणाऱ्याला कारण आणि साहेबांची मंजुरी विचारणं रास्तच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही, पण ती सूट सरकारी माहितीसाठी आहे. सहकाऱ्याची पगारपत्रकं उघडायला ती लागू नाही. त्याच कलमातली दुसरी तरतूद मात्र उचलण्याजोगी आहे: ज्याला लेखी अर्ज जमत नाही, त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची.

म्हणूनच फोन बंद करू नये. पासवर्ड विसरलेला माणूस लॉगिनच्या आतला फॉर्म भरणार कसा? फोन चालू ठेवला की ‘जरा बघ ना रे’ म्हणत ओळखीच्या इंजिनिअरला गाठणं वाढतं आणि नोंद राहत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे फोन घेणाऱ्यानेच तिथल्या तिथे तिकीट लिहावं.

नवा फॉर्म आखणाऱ्यांनी आधी मागच्या तीन महिन्यांची तिकिटं काढून बसावं. ज्या रकान्यातल्या उत्तराने एकाही तिकिटाची वाट बदलली नाही, तो खोडावा. आणि ‘इतर’मध्येच सर्वाधिक तिकिटं सापडली, तर युजरला नव्हे, कॅटेगरीच्या यादीला दोष द्यावा.