तळ्यालाच विचारा

नरकचतुर्दशीची पहाट. अंगाला तेल-उटणे, पायाखाली फुटलेले कारीट, सुगंधी साबणाचा फेस. ते पाणी मोरीतून गेले की आपल्या मनातूनही जाते. असे पाणी तळ्यात पोचून पुढे काय करते, हे पाहण्यात शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर (१९४०-२०२१) यांनी उमेदीची वर्षे घालवली.

१९६०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरचे ईरी सरोवर शेवाळाने कोंदले होते. संशय होता कपडे धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर. साबण कंपन्या मात्र कार्बनकडे बोट दाखवत, आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्याही त्यांच्याच बाजूने साक्ष देत. शिंडलर यांनी बाटली बाजूला ठेवली आणि तळ्यालाच विचारले.

ऑन्टारिओच्या जंगलात प्रयोगासाठी राखलेल्या तळ्यांना नावे नव्हती, क्रमांक होते. २२७ क्रमांकाच्या पाण्यात कार्बन अगदी कमी. तरी फॉस्फरस आणि नायट्रोजन टाकताच ते हिरवे झाले. लागेल तेवढा कार्बन तळ्याने हवेतून ओढून घेतला. बंद बाटलीला ती सोय नव्हती. १९७३ साली २२६ क्रमांकाच्या तळ्यात, जिथे ते कमरेसारखे निमुळते होते तिथे, आडवा पडदा लावला. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे, फॉस्फरस एकीकडेच. तेवढाच भाग शेवाळाने हिरवागार झाला. आकाशातून टिपलेल्या त्या छायाचित्राने फॉस्फेटवरच्या निर्बंधांना मोठे बळ दिले.

पुढे २२३ क्रमांकाच्या तळ्यात त्यांनी आम्ल वाढवत नेले. ट्राउट मासे आम्लाने मरण्याआधीच खंगले, कारण त्यांचे खाद्य त्यांच्या आधी संपले होते. तळे मरते ते असे, खालच्या पंगतीपासून. १९९१ साली पहिला स्टॉकहोम जल पुरस्कार शिंडलर यांना मिळाला. नंतर अथाबास्का नदीकाठच्या तेल उद्योगाचे प्रदूषणही त्यांनी मोजले. प्रश्न बदलले, रीत तीच.

आपल्याकडे पवई किंवा रंकाळ्यात जलपर्णी माजली की ती उपसायची लगबग होते. तिला पोसणारे सांडपाणी कुठून येते, हा प्रश्न काठावरच राहतो.

यंदाचा अंक पाण्यावर आहे. लेखकांना एकच अट घातली होती : आधी काठावर जाऊन या, मग लिहा. वाचकांनाही तीच विनंती. फराळ झाला की गावच्या तळ्यापर्यंत एक चक्कर मारा आणि त्याला कुठून काय येऊन मिळते, तेवढे पाहून या. अंक कसा वाटला, ते त्यानंतर कळवा.



– संपादक