माती सुटेना, गादी भेटेना

शहापूर, विशेष प्रतिनिधी - यात्रेच्या फडात नाव कमावलेल्या तरुण मल्लाने पुढे कोणती वाट धरायची, हा प्रश्न शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांत कुस्तीची आवड जपणाऱ्या घरांपुढे उभा राहतो. कुस्ती एक असली, तरी तिचे दरबार दोन आहेत. मातीच्या फडात जोड नजरेने लावली जाते आणि खरा मान निकाली कुस्तीला असतो. गादीवर मात्र वजनगट ठरलेला, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक डावाचे गुण. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली, की प्रतिस्पर्धी चीत न होताही लढत संपते. मातीत दमसास आणि पकड उपयोगी पडते, तर गादीवर पायांची चपळाई आणि घड्याळाचे भान.

ही सीमा ओलांडणे किती कठीण आणि तरीही किती शक्य आहे, हे खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीतून दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीत घडलेले खाशाबा १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा गादीचा सराव त्यांना जवळजवळ नव्हता. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मधल्या चार वर्षांत बदलला तो सराव. मल्ल तोच होता.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असून, दोन्हींचे विजेते अंतिम फेरीत भिडतात. जानेवारी २०२३ मध्ये गादीच्या शिवराज राक्षेने मातीच्या महेंद्र गायकवाडला हरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माती विभागातून आलेल्या सिकंदर शेखने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये गादीचा पृथ्वीराज मोहोळ गायकवाडवर भारी पडला. मातीचा मल्ल दुय्यम, असा निष्कर्ष यातून निघत नाही. बीड जिल्ह्यातून आलेल्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्य जिंकले.

रग्बीतही १८९५ पासून असेच दोन पंथ आहेत. पंधरा खेळाडूंच्या युनियनने १९९५ मध्ये व्यावसायिकता स्वीकारली आणि तेरा खेळाडूंच्या लीगकडून येणाऱ्यांना दार उघडले. लीगमध्ये नाव कमावलेला जेसन रॉबिन्सन २००० मध्ये युनियनकडे वळला आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने इंग्लंडसाठी 'ट्राय' नोंदविला. मात्र तेथे दोन्ही बाजूंना पैसा होता. खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य होते. कुस्तीत तसे नाही. मातीत इनाम आणि गावकीचा मान आहे. परंतु ऑलिम्पिकचा रस्ता फक्त गादीवरून जातो.

म्हणूनच प्रश्न गुणवत्तेचा नसून अंतराचा आहे. मुरबाड शहराला आजही रेल्वे नाही. लोकल गाठायची तर कल्याण किंवा बदलापूरचा रस्ता धरावा लागतो. शहापूरकरांना आसनगाव स्थानक जवळ असले, तरी पाड्यावरून तेथवर पोचण्यातच वेळ मोडतो. शाळा, शेतीची कामे आणि खुराकाचा खर्च सांभाळून रोज शहरात सरावाला जाणे किती घरांना झेपेल?

मातीचा फड मोडून गादी आणण्याची गरज नाही. फडानेच मुलांना कुस्तीकडे ओढले आहे. तालुक्याच्या ठिकाणी कायम अंथरलेली गादी आणि दोन्ही प्रकार जाणणारा वस्ताद, एवढे मिळाले तरी वाट सुकर होईल. ही सोय वेळेवर मिळाली पाहिजे. विशी ओलांडल्यावर मातीत मुरलेली सवय बदलणे अवघड जाते आणि चांगला मल्ल यात्रेच्या इनामापुरताच उरतो.