डबलसीटचं वजन

मोटारसायकलचा आणि बायकांचा संबंध काय, असं आमच्या गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं. मी म्हटलं, तू इथवर आलीस कशावर? म्हणाली, "यांच्या गाडीवर, मागं बसून." तिथूनच सुरुवात करते.

१९९६ ते १९९८ अशी दोन वर्षं मी पुण्याजवळच्या एका टेकडीवर, मोटारसायकलींचं डिझाइन करणाऱ्या एका गृहस्थांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. हुद्दा 'ड्राफ्ट्समन'. बाई असले तरी 'मन'च. टेकडी अशासाठी, की चढावरची चाचणी दारातच घेता यायची. सहा पुरुष आणि मी. बस पायथ्याशी सोडायची, पुढे वीस मिनिटांची चढण. वर बायकांसाठी संडास नव्हता. म्हणून मी सकाळी पाणी न पिता चढायचे. दोन वर्षं.

सर माणूस वाईट नव्हते. व्हर्नियर कसा धरायचा, नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल आहेत हे कसं ओळखायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. कधी आवाज चढवला नाही. म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. माणूस वाईट असला की सगळं त्याच्यावर ढकलून आपण मोकळ्या होतो.

बोर्डावर नव्या गाडीचा नकाशा होता. चालवणारा पुरता काढलेला, गुडघा कुठे, कोपर कुठे, नजर कुठे. मागच्या सीटवर मात्र खाली टोक असलेला एक बाण आणि आकडा : ७५ किलो. मागे बसणारी म्हणजे नुसतं वजन. मी विचारलं, "हे वजन साडी नेसतं का?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा तशी सवयच होती.

नियमांत मात्र हे वजन नव्हतं, माणूस होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याला धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान निम्मं झाकलेलं हवं. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. सरांच्या लेखी ती गाडीचं रूप बिघडवणारी जाळी होती, शेवटी कुठेतरी बसवून टाकायची.

मी फळी आणि फोम घेऊन मागची सीट तयार केली. एका रविवारी आई, शेजारच्या वहिनी आणि वर्कशॉप झाडणाऱ्या मावशी, तिघींना तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसवलं. मांडीवर पाच किलो तांदळाची पिशवी, म्हणजे मूल. एका हातात मूल, दुसऱ्या हातात पदर, मग दांडी कशानं धरायची? मावशी म्हणाल्या, "मालकाच्या खांद्याला धरायचं आन् देवाचं नाव घ्यायचं."

मी पाय ठेवायची पट्टी चार बोटं रुंद केली. मागची दांडी उजव्या हाताला सापडेल अशी पुढे आणली. जाळी वर वाढवली. सर म्हणाले, "चांगलं केलंस." पुढच्या नकाशात ते सगळं आलंही.

नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला, हे तिथं लिहितात. कारखान्याकडे गेलेल्या नकाशावर तिन्ही जागी सरांचीच सही होती. मी विचारलं, तर ते मनापासून गोंधळले. "अगं, पण वर्कशॉप माझं आहे ना?"

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? शेतात राबते ती, सातबाऱ्यावर नाव त्याचं. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपल्यातल्या कितीजणी गावोगाव फिरल्या. ती चौकट म्हणजे कारखान्याचा सातबाराच.

एकदा मी गाडी चालवून बघते म्हटलं. "तुझे पाय टेकणार नाहीत." मग सीट खाली घेऊ या, म्हणाले. "तुमच्यासाठी वेगळ्या गाड्या आहेत की!" आहेत, आणि त्यांचे उपकारही आहेत. १९७२ मध्ये आलेल्या लुनानं आणि १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडानं कितीतरी मुलींना बापा-भावाच्या वेळापत्रकातून सोडवलं. पण वेगळी गाडी आली म्हणून सगळ्यांची मागची सीट सुटली नाही. अजूनही लेकरू मांडीवर घेऊन बाई तिथंच बसते. दिल्लीत तर २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेटची सक्तीच नव्हती. त्या वर्षी ती लागू झाली, तीही शीख स्त्रियांना सूट ठेवून.

बायकांना कारखान्यात नोकरी मिळाली की आपण आनंद मानतो. मानावाच. पण माझ्या मते तेवढ्यावर थांबणं ही आपली चूक आहे. वस्तू कुणाच्या शरीरावर मापून घडते आणि तिच्यावर नाव कुणाचं लागतं, हा प्रश्नही हक्काचाच आहे. नवी गाडी बाजारात येण्याआधी साडी नेसलेल्या, मूल घेतलेल्या बाईला रीतसर मोबदला देऊन तिच्यावर बसवून पाहा, अशी मागणी आपण का करू नये?

आज नकाशे संगणकावर काढतात. कोपऱ्यातली चौकट मात्र अजून आहे. तुमच्या वस्तीतली एखादी मुलगी वर्कशॉपमध्ये किंवा ड्रॉइंग ऑफिसात कामाला जात असेल, तर तिला दोन गोष्टी विचारा. तिथं संडास आहे का? आणि चौकटीत नाव कुणाचं असतं? उत्तरं आम्हाला लिहून पाठवा.