विभक्त व्हावें खरें; पण वांटणीपत्र कोठें आहे?

युरोपीय संघांत ब्रिटननें राहावें कीं त्यांतून बाहेर पडावें, ह्या वादाचा निकाल सन २०१६ च्या जूनच्या २३ तारखेस मतपेटीनें दिला आणि सन २०२० च्या जानेवारीच्या ३१ तारखेस तो अंमलांतही आला. तथापि वाद संपला असें म्हणवत नाहीं. झालें तें बरें कीं वाईट, ह्यावर त्या देशांत अजून दोन तट आहेत. आमच्या मतें राष्ट्राला संघांतून निघून जाण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हा वादाचा मुद्दाच नव्हे. ज्यानें आपखुषीनें भागी धरली त्यास ती मोडण्याची मोकळीक असलीच पाहिजे. आणि संघाच्या तहनाम्याच्या पन्नासाव्या कलमांत ती स्पष्ट लिहून दिलेली आहे. खरा मुद्दा असा कीं, लोकांस विचारलें काय, त्यांनीं उत्तर दिलें कशाचें, आणि जें विचारलेंच नाहीं त्याचा निकाल मागाहून कोणीं लावला?

एकत्र कुटुंबाची वांटणी आमच्या बहुतेक वाचकांनीं स्वतःच्या घरीं नसली तरी शेजारीं पाहिली असेल. मिताक्षरेप्रमाणें एका भावानें ‘मी आजपासून विभक्त’ असें निःसंदिग्धपणें कळविलें कीं तो विभक्त झाला. गिरिजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज ह्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें सन १९१६ सालीं हेंच ठरविलें. परंतु तेवढ्यानें वाडा दुभंगत नाहीं, विहिरीचें पाणी वांटलें जात नाहीं, दुकानाचें येणें-देणें फिटत नाहीं. इराद्याला एक वाक्य पुरतें. सरसनिरस पाहून वांटे पाडण्यास वर्षें लागतात. पन्नासावें कलमही असेंच आहे: आधीं नोटीस, मग दोन वर्षांच्या मुदतींत अटी. ब्रिटिश मतदारापुढें जो कागद आला त्यावर ‘राहावें’ आणि ‘निघावें’ एवढ्या दोनच गोष्टी होत्या. १,७४,१०,७४२ मतें निघण्याकडे पडलीं, १,६१,४१,२४१ राहण्याकडे. हा इरादा बहुमताचा होता आणि त्यास अडाण्यांचा हट्ट म्हणून हिणविणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. पण नॉर्वेप्रमाणें संघाबाहेर राहूनही त्याच्या बाजारांत राहावयाचें काय, जकातीची एकी मोडावयाची काय, आयर्लंडच्या सरहद्दीचें काय करावयाचें, ह्यांपैकीं एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता.

हें अपरिहार्य होतें असें नाहीं. दोनच वर्षें आधीं, सन २०१४ च्या सप्टेंबरांत, स्कॉटलंडनें ब्रिटिश राज्यांतून निघावें कीं नाहीं ह्यावर तेथें मत घेतलें. निघूं पाहणाऱ्या स्कॉटिश सरकारनें आदल्याच वर्षीं सहाशेंहून अधिक पानांचा ग्रंथ छापून चलन, कर्ज, सैन्य, निवृत्तिवेतन ह्या सर्वांविषयीं आपला बेत लोकांपुढें ठेवला होता. त्यांतील चलनाच्या बेतावर विरोधकांनीं तुटून पडावें तितके ते पडले, आणि शेंकडा ५५ मतांनीं नकार आला. हरले खरे, पण आपण कशास नकार देतों हें नकार देणाऱ्यास ठाऊक होतें. सन २०१६ सालीं असा ग्रंथ कोणापाशींच नव्हता. निघूं म्हणणारे अधिकारावर नव्हते, म्हणून वांटणीपत्र लिहून देण्याचें दायित्व त्यांच्यावर आलें नाहीं. अधिकारावर होते ते राहूं म्हणणारे, त्यांनीं निघण्याची तयारीच केली नाहीं. पुढल्याच महिन्यांत पार्लमेंटच्या परराष्ट्र समितीनें ह्यास घोर निष्काळजीपणा असें नांव दिलें. मुख्य प्रधान कॅमेरन ह्यांनीं तर निकाल कळला त्याच सकाळीं राजीनाम्याचा मनोदय जाहीर केला. दावा आपणच दाखल करावा आणि हुकूमनामा उलट गेला म्हणतांच वकीलपत्र टाकून घरीं जावें, त्यांतलाच हा प्रकार!

प्रचाराची तऱ्हा पाहावी तर निघूं म्हणणाऱ्यांनीं एका तांबड्या मोटारीवर लिहिलें कीं, आठवड्यास पस्तीस कोटि पौंड युरोपला जातात, ते इस्पितळांस देऊं. ब्रिटनला मिळणारी सूट त्यांतून वजा केलेली नव्हती. आंकड्यांवर देखरेख करणारें सरकारी मंडळ हा आंकडा दिशाभूल करणारा आहे असें सांगत असतांही मोटार फिरत राहिली. उलट पक्षाचा सगळा भर ‘निघालांत तर बुडाल’ ह्या धाकावर. हा धाक वाचतांना आम्हांस हसूं आलें हें कबूल केलें पाहिजे. तुम्हांस स्वतंत्रपणें कारभार झेपणार नाहीं, तुमचा व्यापार बसेल, हें व्याख्यान आमच्या वाडवडिलांनीं कोणाच्या तोंडून ऐकलें होतें? कारभार आपल्या हातीं परत घ्या, ही हांक आमच्या कानांस परकी नाहीं. सन १९१६ सालीं लोकमान्यांनीं बेळगांवास होमरूल संघ काढला तो ह्याचसाठीं. स्वाभिमानाच्या प्रश्नास नफ्यातोट्याचें उत्तर पुरत नाहीं, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. मात्र साम्य येथेंच संपतें. वेस्टमिन्स्टरमध्यें हिंदुस्थानच्या लोकांनीं निवडून पाठविलेला प्रतिनिधि एकही नव्हता. युरोपच्या पार्लमेंटांत ब्रिटनचे ७३ सभासद होते, मंत्र्यांच्या कौन्सिलांत खुर्ची होती, आणि सन १९७५ सालीं ब्रिटिश मतदारांनींच शेंकडा ६७ मतांनीं ही भागी कायम केली होती. बेडी तोडणें आणि भागी मोडणें ह्यांस एकच नांव दिलें कीं हिशेब मागणारा देशद्रोही ठरतो. तेथें तसेंच झालें. नोटीस देण्यास पार्लमेंटची मंजुरी लागते असें म्हणणाऱ्या न्यायाधीशांस एका वृत्तपत्रानें लोकशत्रु म्हटलें. पुढें सन २०१७ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध तीन मतांनीं तोच निर्णय कायम केला, हें सांगावयास नकोच.

नोटीस गेली आणि मग सर्वांस वांटणीची आठवण झाली. सन २०१९ च्या जानेवारींत मुख्य प्रधान मे ह्यांचा मसुदा कॉमन्स सभेनें ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळला. मार्चमध्यें निरनिराळे आठ पर्याय एकाच दिवशीं मतास टाकले, तेव्हां आठांपैकीं एकासही बहुमत मिळालें नाहीं. निघावें ह्यास बहुमत, पण निघण्याच्या कोणत्याही एका रीतीस नाहीं!

सर्वांत ओढाताण झाली ती आयर्लंडची. उत्तर आयर्लंडनें शेंकडा ५६ मतांनीं राहावें असें म्हटलें होतें. तेथील सुमारें पांचशें किलोमीटरांची सरहद्द सन १९२१ च्या फाळणीची. तिच्यापायीं तीस वर्षें रक्त सांडलें, आणि सन १९९८ च्या गुड फ्रायडे करारानें कोठें शांतता आली. पहारे उठले. उत्तरेंतील गवळ्याचें दूध दक्षिणेंतील कारखान्यांत कोणी न अडवितां जाऊं लागलें. आतां ब्रिटन जकातीच्या एकींतून निघालें म्हणजे कोठें तरी नाका बसणारच. सरहद्दीवर बसवावा तर शांतता धोक्यांत. समुद्रावर बसवावा तर एकाच राज्याच्या दोन भागांमध्यें जकात. अखेर तो समुद्रावर बसला. बेलफास्टच्या दुकानदारास इंग्लंडांतून माल मागवितांना परदेशाप्रमाणें कागद पडूं लागले. ह्या तंट्यापायीं तेथील कायदेसभा सन २०२२ पासून दोन वर्षें ठप्प झाली. सन २०२३ सालीं विंडसर येथें करार करून गांठ थोडी सैल करावी लागली. समाईक भिंत कोणाची, हा प्रश्न वांटणीच्या पहिल्या दिवशीं विचारावयाचा असतो, हें तालुक्याचा कोणताही वकील सांगेल.

व्यापाराचा करार सन २०२० च्या डिसेंबरच्या २४ तारखेस ठरला. हजाराहून अधिक पानांचा हा दस्त ३० तारखेस दोन्ही सभागृहांनीं एका दिवसांत संमत केला, कारण ३१ तारखेस मुदत सरत होती. इतक्या घाईनें सही करणाऱ्या अशिलास आम्हीं चार शब्द सुनावले असते. करारानें जकात माफ झाली. पण मालाच्या मूळस्थानाचा दाखला, पशुवैद्याचा दाखला, नाक्यावरचीं निवेदनें हीं आलीं. मोठ्या पेढ्यांस तीं पेलतात, लहानांस जड जातात. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सन २०२५ च्या जुलैच्या २४ तारखेस भारताशीं झालेला व्यापारी करार ब्रिटनला संघांत राहून स्वतंत्रपणें करतांच आला नसता.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, सन २०१५ च्या ज्या कायद्यानें हें मत घेतलें त्यांतच दुसऱ्या मताची तरतूद हवी होती: पहिलें मत इराद्यावर, दुसरें तयार वांटणीपत्रावर. कोणी म्हणेल, दुसरें मत म्हणजे पहिल्याचा अपमान. तें पहिल्याच दिवशीं ठरलेलें असतें तर अपमान कसला? हरलेल्यांनीं मागाहून मागितलें म्हणूनच तें रडीचा डाव ठरलें. निघण्यापूर्वीं नोटीस परत घेतां येते, असा निर्णय युरोपच्या न्यायालयानें सन २०१८ च्या डिसेंबरांत दिला होता. अर्थात् दुसऱ्या मतास कायद्याची आडकाठी नव्हती.

आतां पुन्हां संघांत चला असें म्हणणारेही तेथें आहेत. त्यांसही हाच प्रश्न आहे. परत जाण्याचें कलम एकुणपन्नासावें. त्यास सर्व सभासद राष्ट्रांची संमति लागते. जुनी सूट परत मिळेल काय, पौंड राहील कीं युरो घ्यावा लागेल, मासेमारीच्या हक्काचें काय, हें सर्व मतपेटी मांडण्यापूर्वीं छापून मतदाराच्या हातीं पडलें पाहिजे.