धुऱ्यावरची नोंद
रिसोड तालुक्यात सोयाबीन फुलावर आलं, की ‘ई-पीक पाहणी’ ॲपवर नोंदीची लगबग सुरू होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या ॲपमुळे शेतकरी आपला पेरा सातबाऱ्यावर स्वतः नोंदवू शकतो, ही मोलाची सोय आहे. पण धुऱ्यावर बरेचदा रेंज नसते. मग फोटो नि गटाची माहिती फोनमध्येच पडून राहते आणि रेंजमध्ये येऊन अपलोड केली तरच सर्व्हरवर जाते. मुदत संपत आली, की सर्व्हरवर गर्दी होते, अपलोड अडतं, आणि कुणीतरी सांगतं, ‘ॲप काढून परत टाक.’ बाबांनो, हे अजिबात करू नका! न पोहोचलेली नोंद ॲपसोबतच पुसली जाऊ शकते. त्यापेक्षा फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, पहाटे गर्दी नसताना पाठवा, आणि गावच्या खातेदारांच्या यादीत आपलं नाव हिरवं झालं का, तेही तपासा. ॲप बनवणाऱ्यांकडे मागणी एकच: विम्यापासून नुकसानभरपाईपर्यंत ही नोंद विचारली जाते, तेव्हा ‘फोनमध्ये जतन झाली’ आणि ‘सर्व्हरवर पोहोचली’ हे दोन टप्पे मोठ्या अक्षरांत, वेगवेगळे दाखवा.