अन्नपाननिरोध : सिएरा पर्वतातील एक आठवडा

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्यापैकी अनेकांना पाठ असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी अडविणे. पहिल्या तिहींशी आपला काही संबंध नाही, असे व्यापारी श्रावकास सहज वाटते. उरलेले दोन बैलगाडीच्या काळातले, मुक्या जनावरांपुरते, अशीही आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे अमेरिकेच्या इतिहासातील एका प्रसंगावरून ध्यानी येते. तो प्रसंग व्यापाऱ्यांच्याच हातून घडला, म्हणून आपण तो विशेष लक्षपूर्वक पाहावा.

१८६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो गावी चार व्यापारी होते. लेलँड स्टॅनफर्ड यांची किराण्याची घाऊक पेढी, चार्ल्स क्रॉकर यांचे कापडाचे दुकान, आणि कॉलिस हंटिंग्टन व मार्क हॉपकिन्स यांची लोखंडी सामानाची भागीदारी. सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून पूर्वेकडे रेल्वे नेता येईल, असा मार्ग थिओडोर ज्युडा नावाच्या अभियंत्याने शोधला होता. परंतु त्यास भांडवल मिळत नव्हते. या चौघांनी ते काम अंगावर घेतले आणि सेंट्रल पॅसिफिक कंपनी उभी राहिली. १ जुलै १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पूर्वेकडून युनियन पॅसिफिकने आणि पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिकने लोहमार्ग टाकीत यायचे व मध्ये कोठेतरी भेटायचे, अशी योजना ठरली.

तिचा आर्थिक पाया आपल्या वाचकांना लगेच उमगेल. सरकारने कंपन्यांना तीस वर्षे मुदतीचे, सहा टक्के व्याजाचे रोखे देऊ केले, तेही बांधलेल्या मैलांच्या हिशेबाने. सपाट प्रदेशात दर मैलास १६,००० डॉलर, उंच पर्वतात ४८,००० डॉलर आणि मधल्या प्रदेशात ३२,००० डॉलर. शिवाय मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन. काम पुढे सरकेल तसे पैसे मिळण्याची ही पद्धत आम्हा बँकवाल्यांनाही परिचित आहे, आणि तिच्यात मुळात काही वावगे नाही. मात्र जे मोजले जाते त्याकडेच मालकाचे लक्ष लागते. येथे मैल मोजले जात होते. माणसे मोजण्याची तरतूद कोठेच नव्हती.

ती माणसे बहुतांशी चीनमधून आलेली होती. गोरे मजूर टिकेनात, सोन्याचांदीच्या खाणींकडे निघून जात. तेव्हा १८६५ मध्ये क्रॉकर यांनी इतरांचा विरोध डावलून चिनी मजूर लावून पाहिले. ते इतके कुशल व नेटके निघाले की पुढे दहा हजारांहून अधिक चिनी मजूर या मार्गावर राबले. कंपनी गोऱ्या मजुरास पगाराशिवाय जेवण व निवारा देई. चिनी मजुरास मात्र त्याहून कमी मोबदल्यातून आपला तांदूळ, वाळविलेल्या भाज्या व चहा यांचा खर्च स्वतःच सोसावा लागे. पगारपत्रकात बहुतेकांची वेगळी नावेसुद्धा नसत. टोळीच्या मुकादमाच्या नावावर एकत्रित रक्कम लिहिली जाई.

सिएराच्या माथ्यावर सुमारे १,६५९ फूट लांबीचा बोगदा कठीण ग्रॅनाइटमधून खोदावयाचा होता. छिन्नी, हातोडा, सुरुंगाची दारू आणि पुढे नायट्रोग्लिसरीन एवढीच साधने. अनेकदा दिवसाकाठी एका तोंडाशी फूटभरच काम होई. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फाच्या राशींखाली भुयारे खणून मजूर राहत व तेथूनच कामावर जात. हिमकडे कोसळून छावण्याच्या छावण्या गाडल्या गेल्या. किती माणसे दगावली, याची नोंद कंपनीने ठेवली नाही. अतिभारारोपण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

२५ जून १८६७ रोजी या मजुरांनी काम थांबविले. संख्या सुमारे तीन हजार. महिना चाळीस डॉलर पगार असावा आणि कामाचे, विशेषतः बोगद्यातील पाळीचे, तास कमी असावेत, एवढीच मागणी. दंगा नाही, मोडतोड नाही; सारे आपापल्या तंबूंत शांतपणे बसून राहिले. क्रॉकर यांनी छावण्यांना होणारा शिध्याचा पुरवठा बंद केला. डोंगरात ना बाजार, ना शेती. येणारा दाणा खालूनच यायचा. सुमारे आठवडाभरात उपाशी माणसे मागण्या मान्य न होताच कामावर परतली. हा उपाय आपण योजला हे क्रॉकर यांनी पुढे स्वतःच सांगितले; ते लपविण्याजोगे त्यांना वाटले नाही.

यातील विशेष हा की रक्ताचा एक थेंब सांडला नाही आणि खर्चाच्या बाजूस एक पैही पडली नाही. अडविलेले अन्नदेखील मजुरांच्याच पैशांचे होते.

या चौघांना राक्षस ठरविण्याचा हेतू नाही. त्यांनी आपली पत पणास लावली होती. १० मे १८६९ रोजी यूटामधील प्रॉमंटरी येथे दोन्ही मार्ग जुळले. सुमारे १,७७६ मैलांचा मार्ग पुरा झाला आणि महिनोन्महिने लागणारा प्रवास आठवड्याभरावर आला. स्टॅनफर्ड यांच्या दानातून पुढे थोर विद्यापीठ उभे राहिले. हे सर्व खरे आहे. आणि १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली, हेही तितकेच खरे. त्या मजुरांचा सन्मान अमेरिकेच्या श्रम विभागाने २०१४ मध्ये केला.

अतिचार आणि अनाचार यांत आपल्या आचार्यांनी भेद केला आहे. अनाचारात व्रत मोडते. अतिचारात मोडल्यासारखे वाटत नाही. आपण व्रतातच आहोत असे समजत राहतो आणि ते आतून झिजत जाते. म्हणून भल्या माणसाने अतिचारालाच अधिक भ्यावे.

आज कोणी कोणाचा शिधा अडवीत नाही, पगार अडवितो. नोकरी करीत असताना अनेक पेढ्यांचे ताळेबंद माझ्या नजरेखालून गेले. देणी बाजूस ‘देय वेतन’ अशी एक ओळ असते. ती फुगलेली दिसली की मी विचारीत असे. उत्तर बहुधा एकच : “बाजारात उधारी अडकली आहे, माणसे आपलीच आहेत, थांबतील.” बँकेच्या कर्जास व्याज लागते, तारण लागते. हमालाच्या, गुमास्त्याच्या थकलेल्या पगारास दोन्ही लागत नाहीत. ज्याच्या घरी महिनाअखेरीस डबा रिकामा असतो, त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेतल्यासारखेच ते होते, आणि आपण कर्ज दिले आहे हे त्या बिचाऱ्यास ठाऊकही नसते. दिवाळीआधी पळून जाऊ नये म्हणून दोन महिने हातचे राखणे, हाही त्यातलाच प्रकार. आणि मोठी उचल देऊन माणूस वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे याला काय म्हणावे? ज्याच्याशी आपला संबंध नाही असे वाटत होते, तो पहिला अतिचार, बंध, येथे येऊन भेटतो.

उपाय अवघड नाही. पगाराची तारीख ठरवावी आणि त्या तारखेस स्वतःची उचल घेण्यापूर्वी माणसांचे द्यावे. तंगी आलीच तर ती प्रथम मालकाच्या घरी जाणवावी. पर्युषणात आपण चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कोणी आपल्या हिशेबाची वाट पाहत बसले असेल, तर आधी त्याचा हिशेब चुकता करावा आणि मग हात जोडावेत.

जय जिनेंद्र.