कोलेटची दुसरी लेखणी

१९५४ मध्ये कोलेट गेली, तेव्हा फ्रान्सने तिला सरकारी इतमामात निरोप दिला. त्याआधी ती गोंकूर अकादमीची अध्यक्ष झाली होती. हा सगळा मान कादंबरीकार कोलेटचा. नाटक, ऑपेरा आणि सिनेमासाठी लिहिणाऱ्या कोलेटच्या वाट्याला मात्र आजही चार ओळी येतात. हे मला मान्य नाही.

नवरा विली याच्यापासून वेगळी झाल्यावर १९०६ पासून तिने पोटासाठी म्युझिक-हॉलमध्ये मूकनाट्यं केली. चरित्रकार तिथल्या लफड्यांत आणि गदारोळात रमतात. माझ्या मते ती तिची तालीम होती. शब्दाविना उभं राहायचं, तर कुठली हालचाल पोचते आणि कुठली वाया जाते, हे अंगालाच कळतं.

त्या तालमीचं फळ पाहायचं असेल तर 'लाँफाँ ए ले सॉर्तिलेज' या ऑपेराची संहिता वाचावी. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिस ऑपेराच्या जाक रूशे यांनी ती तिच्याकडे मागितली. तिने झपाट्याने लिहून दिली. रावेलचं संगीत पुरं व्हायला मात्र वर्षं गेली. पहिला प्रयोग मोंते कार्लोत २१ मार्च १९२५ रोजी झाला. अभ्यासाला कंटाळलेला मुलगा किटली-कप फोडतो, पिंजऱ्यातल्या खारीला टोचतो, भिंतीवरचा कागद फाडतो. मग खुर्च्या बोलू लागतात आणि बागेतले प्राणी त्याच्यावर तुटून पडतात. त्या झटापटीत एक खार जखमी होते. मुलगा तिच्या पंजाला फीत बांधतो आणि प्राणी थबकतात. पश्चात्तापाचं भाषण नाही, उपदेश नाही. शेवटी तो फक्त आईला हाक मारतो. एवढं मोजकं लिहिलं, म्हणून रावेलला एवढी जागा मिळाली.

'शेरी' या आपल्या कादंबरीचं नाटक तिने लेओपोल्द मार्शांसोबत केलं आणि त्यातली लेआ स्वतः रंगवली. बोलपट आला तशी ती तिकडेही वळली. १९३४ च्या 'लाक ओ दाम'चे संवाद तिचे. पुढच्याच वर्षी मॅक्स ओफ्युल्सच्या 'दिवीन'साठी तिने म्युझिक-हॉलचंच जग कागदावर उतरवलं.

तरी लोक 'रावेलचा ऑपेरा', 'ओफ्युल्सचा सिनेमा' म्हणून मोकळे होतात. 'क्लोदिन'च्या कादंबऱ्या तिने लिहिल्या आणि खपल्या विलीच्या नावावर. स्वतःच्या पुस्तकावर स्वतःचं नाव यावं म्हणून जिला झगडावं लागलं, तिचं नाव ऑपेराच्या जाहिरातीत रावेलच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलं गेलं पाहिजे.